ताणाचा अठ्ठेचाळिसावा दिवस

"हे पान घे हातात," मामाजी म्हणाले, "अन् मूठ मिट."

मी मूठ मिटली आणि उघडली. संत्र्याचं पान मोडलं नाही, पण पुन्हा सरळही झालं नाही. मुरगळलेलं तसंच तळहातावर पडून राहिलं.

"झाला ताण पुरा," ते म्हणाले. "सोड आता पानी."

"अजून पंधरा दिवस."

"पंचेचाळीस दिस झाले, माय. खाली पाह्य, पानं गळून रायली."

"आपली जमीन काळी हाये, मामाजी. ओल खोल असते. पंधरा दिवस काही होत नाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते पान माझ्या हातातून घेऊन कोपरीच्या खिशात ठेवलं आणि विहिरीकडे चालू लागले. आमच्याकडे, वरुडच्या बाजूला, सासऱ्याला मामाजी म्हणतात. माझे मामाजी म्हणजे गुलाबराव. संत्र्याच्या बागेत त्यांचे केस पांढरे झाले होते, आणि गेली चार वर्षं त्या बागेचा कारभार त्यांनी माझ्या हातात दिला होता. दिला म्हणजे पूर्ण दिला. मी चुकते आहे हे दिसत असलं तरी ते एकदाच बोलायचे, दुसऱ्यांदा नाही.

ज्यांनी संत्री फक्त बाजारात पाहिली त्यांना हा ताण म्हणजे काय ते सांगायला हवं. डिसेंबर लागला की आम्ही बागेचं पाणी बंद करतो. विहीर भरलेली असते, मोटर धड असते, पण झाडाला थेंब द्यायचा नाही. झाड आधी बुचकळ्यात पडतं, मग उदास होतं, पानं मलूल होतात, पिवळी पडून गळायला लागतात. आणि ऐन वेळी पाणी सोडलं की पंधरा-वीस दिवसांत झाड नखशिखांत फुलतं. हाच आंबिया बहार. ताण कमी पडला तर नुसती पालवी येते, फूल नाही. जास्त झाला तर झाड शेंड्याकडून वाळत खाली येतं. सगळं कसब दिवस ओळखण्यात असतं.

"झाडाले क्यालेंडर समजत नाई," मामाजी नेहमी सांगायचे. "पानी तोडलं का त्याचा उन्हाळा. सोडलं का पावसाळा. बाहेर थंडी पडो नाई तं काही पडो."

माझं पाणी चार वर्षांपूर्वी तुटलं होतं. अरुणला, माझ्या नवऱ्याला, कावीळ झाली आणि एकविसाव्या दिवशी तो गेला. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. मूल नव्हतं. सासूबाई आधीच गेलेल्या. माहेरच्यांनी चल म्हटलं, मी गेले नाही. घरात एक म्हातारा माणूस आणि बाहेर साडेतीनशे झाडं, त्यांना कुणाच्या भरवशावर टाकायचं? निदान लोकांना मी असं सांगत असे. खरं हे की मला कोरडेपणाची सवय लागली होती. त्यात एक सुख असतं. कुणाकडे काही मागावं लागत नाही, कुणी काही दिलं तर ते जाईल ही भीती नाही. दिवाळीत दिवे लावायचे, संक्रांतीला वाण मिळणार नाही म्हणून घरात बसायचं, उन्हाळ्यात कुरड्या घालायच्या. गावात ऋतू येत होते आणि जात होते. मी आपली एकाच ऋतूत मुक्काम ठोकून होते.

अशात देविदास ढोके आला.

आमच्या कुंपणापलीकडे, रस्त्याच्या कडेला, एका नर्सरीवाल्याने दोन एकर तुकडा खंडाने घेतला होता. तिथे जंबेरी लिंबाच्या रोपांवर संत्र्याचे डोळे बांधून कलमं करायला हिवाळ्यात कारागीर येत. देविदास त्यांतला एक. उंच, सावळा, पस्तिशीचा. बायको पहिल्या बाळंतपणातच गेलेली, बाळही गेलं. हे त्याने मला सांगितलं नव्हतं, नर्सरीतल्या बायकांकडून कळलं. तो प्यायचं पाणी न्यायला आमच्या विहिरीवर यायचा. पहिले आठ दिवस मी त्याला देविदासभाऊ म्हणत होते. नंतर भाऊ म्हणायचं राहून गेलं. कधी राहिलं ते मला नेमकं माहीत होतं, आणि त्यालाही.

एकदा मी कुंपणाशी उभी राहून त्याचं काम पाहत होते. जंबेरीच्या खोडावर त्याने चाकूने एक उभी, एक आडवी चीर दिली, साल अलगद उचलली, त्यात संत्र्याचा डोळा सरकवला आणि वरून पट्टी गुंडाळली.

"लागते का सगळेच?" मी विचारलं.

"सगळे नाई लागत. वीस दिवसांनी पट्टी सोडून पाहावं लागते. हिरवा असला तं लागला."

"अन् काळा पडला तं?"

"तं दुसऱ्या बाजूनं पुन्हा बांधाचा." तो चाकू पुसत म्हणाला. "झाड तेच असते, बाई. एका बाजूनं नाई लागला म्हनून ते उपटून थोडीच टाकते कोनी."

मी कुंपणापासून निघाले. पण घरी येऊन भाकरी थापताना तीच वाक्यं मनात घोळत राहिली, आणि एक भाकरी करपली. मामाजींनी ती मुकाट्याने खाल्ली.

ताणाचा तेविसावा दिवस होता. देविदास विहिरीवर आला, कळशी भरली, पण उचलली नाही.

"मी तुमच्या मामाजीले बोलू का?" त्याने विचारलं.

"कायचं?"

"पाटाचं."

आमच्या समाजात विधवेचं दुसरं लग्न लागतं, त्याला पाट म्हणतात. त्यात चोरीचं काही नाही. गावात तीन-चार पाटाच्या बाया सुखाने नांदत होत्या. म्हणजे गावाची अडचण नव्हती, देवाची नव्हती, मामाजींचीही नसावी. अडचण फक्त माझी होती. हो म्हणावं असं मला वाटत होतं. फार वाटत होतं. चार वर्षांत मला कशाचीही अशी इच्छा झाली नव्हती, आणि म्हणूनच भीती वाटली. मी बागेच्या आड लपले.

"बगीचा ताणावर हाये," मी म्हणाले. "आता काही इचारू नका. ज्या दिवशी मी पानी सोडीन, त्या दिवशी समजून घ्या."

"काय समजू?"

"समजाचं ते समजा."

तो थोडा हसला. "अन् पानी नाईच सोडलं तं?"

"बगीचा का वाळवू मी?"

"बरं," तो म्हणाला आणि कळशी खांद्यावर घेऊन गेला. त्यानंतर त्याने एकदाही विषय काढला नाही. रोज पाणी न्यायला यायचा, वाटेत झाडांच्या बुडाशी पाहायचा, कोरडी माती दिसली की तसाच पुढे जायचा. मला वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं. उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते अजून दिलेलं नाही, या दोन्ही गोष्टी मी जपून ठेवल्या होत्या.

चाळीस दिवस झाले. पंचेचाळीस झाले. आमच्या जमिनीला पंचेचाळीस-पन्नास दिवस पुष्कळ होतात हे मला मामाजींनीच शिकवलं होतं. आजूबाजूच्या बागांत पाणी सुटलं. मी साठ दिवसांची गोष्ट करत होते. मामाजींनी पान दाखवलं ते त्याच दिवशी.

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी सकाळी मी घरात तूर पाखडत होते. आमचं घर बागेच्या एका टोकाला. अचानक मोटरचा आवाज आला. मला आधी वाटलं, मामाजी अंघोळीला पाणी घेत असतील. पण आवाज थांबेना. मी सूप ठेवलं आणि तशीच धावत निघाले.

विहिरीजवळच्या ओळी कोरड्या होत्या. मोठ्या दांडातून पाणी मात्र भरभरून वाहत होतं, सरळ रस्त्याकडे. मी दांडाच्या कडेकडेने पळत गेले. बागेच्या पार दुसऱ्या टोकाला, रस्त्याच्या कुंपणालगतच्या ओळीत, मामाजी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे होते. हातात फावडं. एका झाडाच्या आळ्यात पाणी भरलं की फावड्याने माती सरकवून दुसऱ्याचं तोंड मोकळं करत होते. कोरडी माती पाणी पिताना बारीक आवाज करते. तो आवाज सगळ्या ओळीभर चालला होता.

"मामाजी, हे काय करून रायले तुमी?"

"पानी देऊन रायलो."

"मी साठ दिवस सांगतले होते."

"झाडं बोलून रायली होती, माय. मले नाई पाह्यवलं."

"अन् विहिरीजवळच्या ओळी सोडून रस्त्याची ओळ? पहिलं पानी इतक्या दूर कोनी नेते का?"

ते पुढच्या आळ्याचं तोंड मोकळं करायला वळले. त्यांची मान थोडी हलत असे म्हातारपणाने. त्या दिवशी जास्त हलत होती. मला वाटलं, यांचं डोकं आता चालत नाही. आणि दुसरंही एक वाटलं, ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, माझ्या तोंडातला शब्द यांनी ओढून बाहेर काढला. पाणी मी सोडणार होते. माझ्या हाताने, माझ्या दिवशी. हे कोण माझ्या वतीने हो म्हणणारे? चार वर्षांत त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढवला.

"बगीचा माह्या हाती दिला ना तुमी? मंग दिला तं दिला. मधात हात घालू नका."

मी फिरले, विहिरीवरच्या मोटरच्या खोपटापर्यंत गेले आणि मोटर बंद केली. परत येऊन त्यांच्या हातातलं फावडं घेतलं आणि रस्त्याकडच्या ओळीचं तोंड मातीने बुजवून टाकलं. वर पाय देऊन दाबलं, कुंपणापलीकडे एकदाही न पाहता. पाणी दांडात थोडा वेळ हललं, मग जिरायला लागलं. जेमतेम नऊ-दहा झाडं भिजली होती.

"कुंदा," मामाजी म्हणाले. ते मला नावाने फार कमी हाक मारत. "आजच्या दिस चालू ठेव. पाह्यजे तं उद्या बंद कर."

"आजच काहून?"

त्यांचे ओठ हलले. मग ते म्हणाले, "ते मले सांगता येत नाई. सांगतलं तं ते तुह्यं रायनार नाई."

मला त्याचा काही अर्थ लागला नाही. खरं सांगायचं तर मी लावलाच नाही. फावडं खांद्यावर टाकून मी घरी आले आणि उरलेली तूर पाखडायला बसले. सगळा राग त्या तुरीवर निघाला. बाराच्या सुमाराला रस्त्यावर एस.टी.चा हॉर्न वाजला. तो रोज वाजायचा.

मामाजी जेवायला आले. मी ताट वाढलं. त्यांनी हात धुतले, ताटासमोर बसले आणि तसेच बसून राहिले.

"गेला तो," ते म्हणाले.

"कोन?"

"देविदास. नर्सरीचं काम कालच सरलं. राजस्थानात, झालावाडकडे, नवे बगीचे लावून रायले लोकं, तथी बोलावलं त्याले. दोन-तीन वर्षांचं काम हाये म्हने. आजची बाराची गाडी होती."

माझ्या हातात वरणाची पळी होती. ती मी परत भांड्यात ठेवली.

"मले सांगतलं नाई त्यानं."

"मले सांगतलं. परवा आला होता. तुह्यं अन् त्याचं जे बोलनं झालं तेही सांगतलं. मी म्हटलं, कुंदाले सांग का तू जाऊन रायला. तं म्हने, नाई, मामाजी. गाडीची येळ सांगून हो म्हनवून घेतलं तं ते हो कच्चं. तिच्या मनानं याले पाह्यजे. तुमीही सांगू नका, म्हने. मी शब्द देऊन बसलो." त्यांनी ताट थोडं पुढे सारलं. "सांगता येत नोतं. पानी सोडता येत होतं, तं सोडलं."

मी उठले. चप्पल घातली की नाही आठवत नाही. बागेतून, त्या अर्धवट भिजलेल्या ओळीवरून, कुंपणाच्या फटीतून मी रस्त्यावर आले. गाडी थांबते ती जागा आमच्या कुंपणासमोरच, मोरीजवळ. तिथे शेवंताबाईचं चहाचं खोपटं होतं. ती कपबशा विसळत होती. रस्ता दोन्ही बाजूंना रिकामा होता.

"गाडी गेली?" मी विचारलं.

"अर्धा तास झाला व." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या कारागिराले पाह्याले आल्या का?"

मी मान हलवली.

"येडाच मानूस वाटला मले," शेवंताबाई म्हणाली. "सकाळपासून अथी येऊन बसला होता, पेटी घेऊन. मी म्हटलं, गाडी बाराची हाये, इतक्या लवकर काहून आला गा? बोलेना. नुसता तुमच्या कुंपनाकडे पाहे. दहाच्या गाडीवाल्यानं बोलावलं, म्हने चल, जागा हाये, तं पेटी टपावर चढवली. अन् तेवढ्यात तुमच्या त्या ओळीत पानी आलं."

"मंग?"

"मंग काय, हा टपावर चढला अन् पेटी खाली घेऊन आला. कंडक्टरनं शिव्या देल्ल्या. म्हने, जाऊ द्या, मले नाई जाचं. माह्याकडून चहा घेतला. गूळ जास्त टाक म्हने. अथीच उभा राहून पेला, त्या पान्याकडे पाहत." तिने कपबशी उपडी ठेवली. "अन् मंग तुमी आल्या, अन् फावड्यानं दांड बुजवला. मी बी पाह्यलं. मंग बाराच्या गाडीच्या टपावर पेटी पुन्हा चढवली त्यानं."

 शेवंताबाईने चहा पुढे केला, तो मी घेतला, प्यायलेही. मग घरी न जाता मी विहिरीवरच्या खोपटात गेले आणि मोटर सुरू केली. रस्त्याकडच्या ओळीवर जाऊन मघाशी पायाने दाबलेली माती हाताने उकरली. पाणी आलं. मी ओळीमागून ओळी देत गेले, दिवस मावळेपर्यंत. मामाजी बांधावर बसून होते. मी रडत होते हे त्यांना दिसत होतं आणि ते पाहत नव्हते.

त्या वर्षी असा बहार आला की गावातली म्हातारी माणसंही पाहायला आली. अठ्ठेचाळीस दिवसांचा ताण अगदी नेमका बसला होता, मामाजी बरोबर होते. झाडांचं बरं असतं. सकाळचं पाणी तोडून दुपारी दिलं काय, त्यांना फरक पडला नाही. फेब्रुवारीत सगळ्या बागेत पानाला जागा राहिली नाही इतकी फुलं, आणि वास थेट घरात. मी खिडक्या लावून घ्यायची.

नर्सरीवाल्याकडून पत्ता काढून मी झालावाडला दोन कार्डं टाकली. 'पाणी मी नाही, मामाजींनी सोडलं होतं. बंद मी केलं. आता मी सोडलं आहे.' एवढंच दोन्हींत लिहिलं होतं. पहिलं कार्ड पत्ता चुकीचा म्हणून परत आलं. दुसरं परत आलं नाही. ते त्याला मिळालं असेल, या आशेवर मी बरीच वर्षं काढली.

मामाजी पुढे सहा वर्षं होते. त्यांनी कधी विषय काढला नाही. फक्त शेवटच्या आजारात एकदा, मी पाय चेपत असताना, म्हणाले, "मी सांगून टाकाले पाह्यजे होतं, माय. शब्द मोडाले पाह्यजे होता."

"नाई, मामाजी," मी म्हणाले. "फावडं माह्या हातात होतं."

ते गेल्यावर त्यांच्या कोपरीच्या खिशात ते पान सापडलं नाही. मी शोधलं मात्र होतं.

आता मी एकाहत्तर वर्षांची आहे. ती झाडं म्हातारी होऊन गेली, त्यांच्या जागी दुसरी लावली. अरुणच्या चुलतभावाच्या मुलाने, माझ्या पुतण्याने, सगळ्या बागेत ठिबक बसवलं आहे, नळ्या झाडाझाडापाशी गेल्या आहेत. रस्त्याकडच्या ओळीला मात्र मी नळी लावू दिली नाही. तिथे अजून मातीचा दांड आहे. ताण सोडायच्या दिवशी पहिलं पाणी त्या दांडातून त्या ओळीला जातं, विहिरीपासून सगळ्यात दूर. पुतण्याची बायको हसते. "काकू, पहिलं पानी इतक्या दूर कायले नेता?" मी सांगते, "आपली रीत हाये." तिला वाटतं, मामाजींच्या काळची असेल. तेही काही खोटं नाही.

ताण मी कधी पंचेचाळीस दिवसांच्या वर जाऊ देत नाही. पाणी सकाळी सुटतं आणि मी कुंपणाशी खुर्ची टाकून बसते. शेवंताबाईचं खोपटं नाही, थांबाही आता फाट्यावर गेला. पण बाराची गाडी याच रस्त्याने जाते आणि मोरीवर गती कमी करते. ती जाईपर्यंत मी कुणाला मोटर बंद करू देत नाही. हल्लीच्या गाड्यांना टपावर सामान चढवायची सोय नसते, हे मला माहीत आहे. तरी गाडी आली की मी आधी टपाकडे बघते.